सुट्ट्या बघून पेरा: मुंबईतल्या शाळेची परसबाग

शाळेतली बाग बियाण्यामुळे किंवा खतामुळे क्वचितच मरते. ती मरते दिवाळीच्या सुट्टीत, नाहीतर मे महिन्यात. कुंड्या असतात, झारी असते, बागेत उभ्या असलेल्या पाहुण्यांचे फोटोही असतात, पण सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा वाळलेल्या काड्या उरलेल्या असतात. म्हणून शेतकऱ्याचं पंचांग बाजूला ठेवा आणि शाळेचं वेळापत्रक समोर घ्या. सहामाही, दिवाळी, वार्षिक परीक्षा, मे. या तारखांपासून उलटं मोजत आलं की कधी काय पेरायचं ते आपोआप ठरतं.

जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा पाऊसही आलेला असतो. मुलांना पहिल्या आठवड्यात काहीतरी उगवलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर जुलैपर्यंत बागेचं नावही कोणी काढत नाही. यासाठी समुद्रमेथीसारखं दुसरं पीक नाही. बाजारात मुळासकट, वाळूसकट मिळणारी ती बुटकी जुडी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात सहज होते. भोकं पाडलेल्या पसरट ट्रेमध्ये दोन इंच धुतलेली रेती घ्या. वाण्याकडची मेथी रात्रभर भिजवा आणि दाण्याला दाणा लागेल इतकी दाट पसरा. वर जेमतेम दाणे झाकतील एवढी रेती, आणि दिवसातून दोनदा पाण्याचा शिडकावा. तिसऱ्या दिवशी मोड वर येतात, दहा-बारा दिवसांत जुडी तयार. खत लागत नाही, कारण तेवढ्या दिवसांपुरतं अन्न दाण्यातच असतं. समुद्रकाठची खारी वाळू मात्र आणू नका. बांधकामाची रेती चालते, पण पाणी नितळ येईपर्यंत धुवावी लागते.

जूनच्या शेवटी भेंडी, चवळी, काकडी लावा, आणि पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात अळू. भेंडीचं बी आठ-दहा तास भिजवून पाऊण इंच खोल टोकायचं. मुलं एका खड्ड्यात वीस बिया टाकतात किंवा बोट जाईल तितक्या खोल ढकलतात. पेन्सिलीला पाऊण इंचावर रबरबँड लावून दिला की हा प्रश्न मिटतो. भाजी वाहायच्या एका क्रेटमध्ये तीन झाडं पुरतात. पेरल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवसांत पहिली भेंडी लागते, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला. त्यानंतर एक दिवसाआड तोडणी हवीच. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की भेंडी निबर होते. ती काढू नका, झाडावरच वाळू द्या, पुढच्या वर्षीचं बी होईल.

दुकानातलं बी घ्याल तेव्हा रंग बघा. गुलाबी किंवा हिरवट रंग चढवलेल्या बियांवर बुरशीनाशक असतं, ते मुलांच्या हातात देऊ नये. बिनरंगाचं मागून घ्या. मेथी, धने, राई, चवळी तर घरातल्या डब्यातली चालते. धने पेरण्याआधी बाटली फिरवून दोन फाकी करावे लागतात.

जुलैत पालेभाजीच्या वाटेला जाऊ नये. मुसळधार पावसात कोथिंबीर, पालक सडतात. याच महिन्यात पानं पिवळी पडतात आणि सगळे खत ओतायला धावतात. आधी क्रेट उचलून बघा. खाली पाणी तुंबलं असेल तर मुळांना हवा मिळत नाही, म्हणून पान पिवळं. दोन विटांवर क्रेट ठेवला, भोकं मोकळी केली की नवं पान हिरवं येतं. निचरा नीट असूनही जुनी, खालची पानं पिवळी होत असतील तर पावसाने नत्र (नायट्रोजन) वाहून गेलेलं असतं. अशा वेळी पंधरा दिवसांनी झाडाला मूठभर कंपोस्ट द्या.

आता गच्ची. मुंबईतल्या बहुतेक शाळांना जमीन नसते, असली तर फरशी घातलेली असते, त्यामुळे वरच जावं लागतं. चार फुटांचा कठडा आणि सोबत शिक्षक, हे नसेल तर तो विचार सोडून द्या. वावरण्याजोग्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे, आणि त्यातच मुलांचं वजनही आलं. भाजीचा नेहमीचा क्रेट (साधारण ५४ बाय ३६ सेंटीमीटर) तांबड्या मातीने नऊ इंच भरला तर भिजल्यावर ७० किलोच्या वर जातो. म्हणून माती कमी, हलका माल जास्त. दोन घमेली भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), दोन घमेली मुरलेलं कंपोस्ट, एक घमेलं तांबडी माती, वर दोन मुठी निंबोळी पेंड. हाच क्रेट मग ३५ ते ४० किलोंत बसतो. क्रेट भिंतीलगत किंवा बीमच्या रेषेवर ठेवा, दोन रांगांत तीन फूट वाट सोडा. इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट केलेल्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय वर काहीही चढवू नका.

कोकोपीटची पाच किलोची वीट भिजून साठ लिटरच्या वर फुगते, साधारण चार क्रेटना पुरते. स्वस्त विटेत मीठ असतं. तिच्यात पेरलेलं बी उगवत नाही आणि दोष बियाण्याला मिळतो. दोनदा भिजवून, पिळून, ते पाणी फेकून द्यावं. क्रेटला आतून हिरव्या शेडनेटचं अस्तर द्या, नाहीतर पहिल्या पावसात सगळा माल पन्हाळीत जाईल, पन्हाळी तुंबेल आणि खालच्या वर्गाचं छत गळेल. मुख्याध्यापकांनी बाग बंद करायला एवढं कारण पुरतं. पन्हाळीच्या तोंडाला जाळी बसवा आणि ती दर आठवड्याला साफ करणं एखाद्या गटाकडे द्या.

कंपोस्ट विकत घ्यायची गरज सहसा पडत नाही. मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये मोठ्या गृहसंकुलांना (२० हजार चौरस मीटरहून मोठी जागा, किंवा दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा) ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं. अशा काही सोसायट्यांत खत पडून असतं. मागितलं तर देतात. पण यंत्रातून चोवीस तासांत निघालेला तपकिरी भुगा म्हणजे खत नव्हे. तो फक्त वाळवलेला कचरा असतो, मातीत ओला झाला की तापतो आणि मुळं जाळतो. परीक्षा मुलांनीच घ्यावी: वाटीभर खतात मेथीचे दहा दाणे पेरायचे. चार दिवसांत आठ उगवले तर खत मुरलेलं. तीन-चारच आले तर अजून महिनाभर सावलीत, ओलसर ठेवायचं.

हे शहराला नवीन नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर भाजी-फळं पिकवायला सुरुवात केली, त्याला दोन दशकं होऊन गेली. तिथलं तंत्र शाळांना सहज उचलता येतं: पालापाचोळा, रसवाल्याकडची चिपाडं, जुनी चाळलेली माती, असे थर. मात्र अर्धवट कुजलेला पाला मुळांशी आला तर कुजवणारे जिवाणू झाडाच्या वाट्याचं नत्र खातात, आणि झाड पिवळं, खुरटं राहतं. पाला वर आच्छादन म्हणून हवा तितका घाला, खाली मुरलेलाच.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुळा. ‘पुसा चेतकी’ उष्ण हवेत चालतो आणि ४०-४५ दिवसांत तयार होतो, म्हणजे सहसा दिवाळीच्या सुट्टीआधी हातात. चार बोटांवर एक बी. दाट उगवला तर विरळणी करायला मुलं तयार होत नाहीत, उपटणं त्यांना क्रूर वाटतं. मग नुसता पाला येतो आणि खाली शेपटीएवढा मुळा. उपटलेली रोपं कोशिंबिरीत घालता येतात असं सांगितलं की हात चालतात.

ऑक्टोबरच्या उन्हात, शाळा बंद असताना कोवळी रोपं ठेवायची नाहीत. टोमॅटो, मिरची, वांग्याचं बी सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात कागदी पेल्यांत पेरा आणि प्रत्येक मुलाबरोबर एक पेला घरी पाठवा. चाळीतल्या खिडकीच्या ग्रिलमध्ये रोपाला पुरेसं ऊन मिळतं. काही पेले परत येणार नाहीत, म्हणून हव्यात त्याच्या दुप्पट पेरा. शाळा उघडल्यावर चार-पाच पानांची रोपं क्रेटमध्ये, एका क्रेटला दोनच. टोमॅटो जानेवारीच्या शेवटी लागतात, वार्षिक परीक्षेआधी आटोपतात. मेथी, पालक, लाल माठ याच थंडीत घ्यायचे. जागा निवडताना नऊ, बारा आणि तीन वाजता सावलीच्या कडा खडूने आखा. फळभाजीला सहा तास ऊन लागतं, पालेभाजीचं चारात भागतं.

पाणी मुलं नेहमी जास्तच घालतात. एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला आठ-दहा भोकं (ती मोठ्यांनी पाडायची), क्रेटला सकाळी दोन बाटल्या, तेही बोट दोन पेरं घालून कोरडं लागलं तरच. क्रेटखाली ताटली ठेवू नका, पिंप उघडं ठेवू नका. साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी तपासणीला येतात आणि नोटीस देतात. जमिनीवरच्या वाफ्यांत पावसाळ्यात आणखी एक पथ्य: उंदीर-घुशींच्या मुतामुळे चिखलात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. अनवाणी काम नको, पायाला जखम असेल त्याने पाट्या लिहाव्यात.

कबुतरांना जाळीशिवाय उपाय नाही, चमकत्या सीडी टांगून ती दोन दिवसांत सरावतात. चवळीवरचा मावा पाण्याच्या फवाऱ्याने जातो. भेंडीवर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) आला तर आधी मुंग्यांची वाट तोडा, त्याच त्याला इकडून तिकडे नेतात. मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवसाबण, संध्याकाळी. दुपारी मारलं तर पानं भाजतात.

काढलेल्या भाजीचं काय करायचं हे पेरायच्या आधी ठरवा. केंद्राने २०१९ मध्ये शाळांच्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात भाजी माध्यान्ह भोजनात जावी अशी कल्पना आहे. मुंबईत खिचडी बऱ्याचदा बाहेरून शिजून येते, तिथे चार जुड्या कुठे घालणार? त्यामुळे न शिजवता खाता येईल ते लावा: मुळा, काकडी, टोमॅटो, समुद्रमेथी. चांगल्या पाण्यात तीनदा धुऊन, शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू घालून चाळीस मुलांना दोन-दोन चमचे कोशिंबीर दोन क्रेटच्या मुळ्यात होते. भेंडी आणि वांगी पाळीपाळीने घरी, त्यातला पहिला वाटा रविवारी पाणी घालणाऱ्या मावशींचा आणि वॉचमनचा. हा वाटा नसेल तर रविवारचं पाणीही नसतं.

मार्चअखेर क्रेट रिकामे करा, झाडं कापून त्यातच टाका. रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्षाचा पाला बारीक असतो, लवकर मुरतो. तो पोत्यांनी गोळा करून क्रेट काठोकाठ भरा, मध्ये दोन थर कंपोस्टचे, भरपूर पाणी, वर गोणपाट. मेमध्ये आठवड्याला एक शिडकावा मिळाला तरी पुरे. शेवगा, कढीपत्ता, गवती चहा जमिनीत असतील तर तेवढ्या पाण्यावरही तग धरतात, बाकी काहीही उभं ठेवू नका.