खडक वाकतो केव्हा आणि तुटतो केव्हा

वळ्या (खडकांच्या थरांना पडलेल्या घड्या) आणि प्रस्तरभंग (खडक तुटून दोन बाजू एकमेकींवरून सरकलेली भेग) हे दोन स्वतंत्र विषय असल्यासारखे आपल्याला शिकवले जातात, आणि त्यामुळे काही खडक मऊ असल्याने वाकतात तर काही कठीण असल्याने तुटतात, अशी समजूत होऊन बसते. ही समजूत मला फारशी उपयोगाची वाटत नाही, कारण एकच खडक परिस्थितीनुसार दोन्ही गोष्टी करतो.

अभियंते थिओडोर फॉन कार्मान यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याबाबत निर्णायक आहेत. इटलीतील कारारा येथील संगमरवराच्या दंडगोलांना चहूबाजूंनी दाबाखाली ठेवून त्यांनी ते लांबीच्या दिशेने दाबले. भोवतालचा दाब कमी असताना संगमरवर तडकला. हा दाब पुरेसा वाढवल्यावर मात्र तोच संगमरवर न फुटता आखूड आणि जाड होत गेला. तडा उघडण्यासाठी आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकण्यासाठी मोकळीक लागते, आणि खोलवर वरच्या खडकांचे ओझे ती मिळू देत नाही.

तापमानाचेही तसेच आहे. पृथ्वीच्या कवचात खाली जाताना दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने उष्णता वाढते, आणि सुमारे ३०० अंशांच्या पुढे क्वार्ट्झ या खडकांतील नेहमीच्या खनिजाचे स्फटिक घन राहूनही अतिशय संथपणे आकार बदलू लागतात. खंडीय कवचातील बहुतेक भूकंप वरच्या १५-२० किलोमीटरांतच का होतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी यातच आहे. पाणी मात्र उलट दिशेने काम करते: छिद्रांत कोंडलेल्या पाण्याचा दाब वरच्या ओझ्याचा काही भाग पेलतो, त्यामुळे घर्षण घटते आणि खोलवरचा खडकही तुटू शकतो.

प्रत्यक्ष थरांत हे सारे एकत्र घडते. शेलच्या (चिखलापासून बनलेल्या मऊ खडकाच्या) थरांमध्ये चुनखडीचा जाड थर असेल आणि दोन्ही बाजूंनी दाब आला, तर ताठ चुनखडी कमानीसारखी उचलली जाते आणि शेल तिच्या वळणांत सरकून जागा भरून काढतो. त्या कमानीची बाहेरची बाजू ताणली जाऊन तिथे तडे पडतात, त्यांत पुढे कॅल्साइट हे चुनखडीतलेच खनिज साचून पांढऱ्या शिरा तयार होतात. आतली बाजू मात्र दाबली जाते. म्हणजे एकाच वळीच्या जाडीत वाकणे आणि तुटणे हातभर अंतरावर आढळू शकते.

उलटही घडते. खालून वर येणारा प्रस्तरभंग मध्येच संपला, तर त्याच्या टोकापलीकडचे थर वळी पडून त्या सरकण्यामुळे होणारे आकुंचन सामावून घेतात, आणि जमिनीवर भेग दिसतच नाही. १७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथे झालेला ६.७ तीव्रतेचा भूकंप अशाच झाकलेल्या प्रस्तरभंगावर झाला. त्यामुळे अशा प्रदेशात भूकंपाचा धोका जोखताना भूपृष्ठावरच्या भेगांइतक्याच काळजीने तरुण वळ्यांचीही मोजणी करावी लागते. वळी किती वेगाने वाढते आहे यावरून खालच्या प्रस्तरभंगावर होणाऱ्या सरकण्याचा अंदाज बांधता येतो.