धामापूरचा तलाव, कर्लीची खाडी आणि तिथीची पाऊणपट

मार्गशीर्ष वद्य द्वादशीला सकाळी साडेआठला मी आणि माझा आतेभाऊ मालवणजवळच्या देवबागच्या संगमावर हजर झालो. दुर्बिणी, कॅमेरा, थर्मास, सगळं जय्यत. समोर कर्ली नदी समुद्राला मिळत होती, पण ज्या वाळूच्या बेटासाठी एवढ्या पहाटे निघालो त्याचा पत्ताच नव्हता. २००४ च्या त्सुनामीनंतर वर आलं असं सांगतात, म्हणून त्याला सगळे सुनामी बेट म्हणतात. पक्षी म्हणाल तर एक ब्राह्मणी घार, तीही आमच्याकडे कीव केल्यासारखी बघत गेली.

किनाऱ्यावर जाळं निवडत बसलेल्या होडीवाल्या काकांनी मान वर न करताच सांगितलं, "आज बारस ना? बाराचे पाऊणपट नऊ. नवाक भरती भरतली, मगे रेती खंय दिसतली? तिनाक येवा."

पक्षी बघायचे तर पहाटे निघा, हे आम्ही धरणांवर आणि माळांवर शिकलो. खाडीवर ते चालत नाही. इथले चिखल्या, तुतवार असे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी जेवतात ते ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूत आणि चिखलात, मग ती दुपारी उघडी पडो नाहीतर मध्यरात्री. हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा.

मधल्या वेळात त्याच काकांच्या होडीतून कर्लीत वरच्या अंगाला गेलो. कांदळवनाच्या कडेने इंजिन बंद करून वल्ह्यावर जायचं आधीच ठरवून घ्या. नंतर सांगितलं तर होडीवाल्याचा वेग मोडतो आणि मूडही. चिपी नावाच्या एका कांदळझाडाच्या फांदीवर काळ्या टोपीचा खंड्या बसला होता. वरून गर्द निळा, पोटाला तांबूस, चोच पोवळ्यासारखी लाल. नेहमीच्या खंड्यासारखा किलकिलत सुटेल वाटलं, पण दहा मिनिटं ढिम्म. खालच्या चिखलातला खेकडा उचलून फांदीवर दोनदा आपटला आणि गिळून पुन्हा ढिम्म. थोडं पुढे ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, एक मासा घेऊन गेला. माशाचं तोंड पुढे करून धरायची त्याची लकब होडीतून अगदी स्पष्ट दिसली. मी मात्र फोटोच्या नादात काठावर उतरलो आणि रुपणीत, म्हणजे पाय रुतणाऱ्या चिखलात, गुडघ्यापर्यंत गेलो. पाय निघाला, चप्पल नाही. पट्ट्याचे सँडल घाला, आणि मुळात उतरूच नका.

तीनला बेट वर आलेलं होतं आणि कुरवांनी, म्हणजे गल पक्ष्यांनी, पांढरं झालं होतं. बहुतेक तपकिरी डोक्याचे, म्हणजे उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या तलावांवर वीण करणारे. थंडीत डोक्याचा तपकिरी रंग जातो, डोळ्यामागे एक काळसर ठिपका तेवढा उरतो. काळ्या डोक्याच्या कुरवापासून वेगळा ओळखायचा तर उडताना पंखांची टोकं बघा: काळ्या टोकात पांढरे ठिपके असले की तपकिरी डोक्याचा. पाण्याच्या रेघेवर चिखल्यांची धावपळ चालली होती. मानेमागे पांढरी पट्टी पूर्ण फिरलेली असेल तो केंटिश चिखल्या, नसेल तो वाळू-चिखल्या. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. सुरय (टर्न पक्षी) होते, एक बाकदार लांब चोचीचा व्हिम्ब्रेल पक्षीही होता.

हे सगळं पंधरा मिनिटं. मग वॉटर स्पोर्ट्सच्या होड्या आल्या, कुणीतरी मुद्दाम थव्यात धावत गेलं, आणि बेट रिकामं.

म्हणून जाणाऱ्यांनी प्रतिपदा ते तृतीया गाठावी, शुद्ध असो वा वद्य. तेव्हा ओहोटी साधारण पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते, म्हणजे पर्यटक घावणे खात असतात तेव्हा. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी मागेही जास्त हटतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची ओहोटी असते, तेव्हा वाळू कमीच उघडी पडते. नाताळ ते एक जानेवारी इकडे फिरकू नये. बेटावर उतरू नका, होडीतूनच बघा.

दुसऱ्या दिवशी धामापूर. तिथे भरती-ओहोटीचा प्रश्न नाही, त्यामुळे पुन्हा पहाटेचे पक्षीवाले झालो. हा तलाव १५३० सालचा, विजयनगरच्या अमदानीत गावकऱ्यांच्या मदतीने बांधलेला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. भगवती देवीच्या देवळापाशी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर गुपचूप बसलं की झालं. धुकं विरताना आधी अडई बदकांची शीळ ऐकू आली, मग काणूक बदकांची जोडी दिसली. कमळपक्षी पानांवरून चालत होता. तलवार बदकांचे मोठे थवे बघायची आशा धरून मात्र येऊ नका. दाट झाडीतल्या या खोल पाण्यावर ती गर्दी आम्हाला तरी दिसली नाही.

इथली खरी चैन काठावरची झाडं. साडेसातला डोक्यावरून पंखांचा फस्स-फस्स आवाज गेला आणि चार मलबारी धनेश काजऱ्यावर उतरले. इकडे ककणेर म्हणतात. काजऱ्याचं फळ, ज्याच्या बिया माणसाला विषारी, ते चोचीच्या टोकात धरून, किंचित उडवून, घशात. एकाने तेच फळ तीनदा उडवलं, तीनदा झेललं, आणि मग टाकून दिलं.

कुडाळ स्टेशनवर उतरून नेरूरपारच्या पुलावरून काळसे, धामापूर, चौके करत मालवणला जाणारा रस्ता धरा. तलाव वाटेतच आहे. पहाटेसाठी रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा. काळशाच्या आसपास शेताच्या बांधांवर वेडे राघू आणि परीट भरपूर, तिथे घाई करू नका. दुर्बीण ८×४२ पुरते. संगमावर स्पॉटिंग स्कोप असेल तर उत्तम. ऑक्टोबर ते मार्च हंगाम, पण मार्चअखेरीस गेलात तर काही कुरवांची डोकी पुन्हा तपकिरी झालेली दिसतील. आमची ती बघायची राहिली आहेत. आत्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत फाल्गुनातल्या द्वितीयेला गोल करून ठेवलाय, खाली लिहिलंय, "चप्पल आणणे."