गच्चीवरची भेंडी आणि आमचे आबा

२०२० च्या लॉकडाऊनवर लोकांनी भरपूर लिहिलं, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनाचं काय झालं त्यावर फार कमी, म्हणून लिहितेय.

आबांची सगळी जिंदगी शिंदखेडा तालुक्यात कापूस-ज्वारीत गेली, गुडघे दुखायला लागले तेव्हा आम्ही त्यांना धुळ्याला आणलं. इथेही सकाळचा चहा झाला की चौकात जायचे, चार लोकांत पिकापाण्याच्या गप्पा, जेवायलाच घरी. २५ मार्चपासून ते बंद. मग दिवसभर टीव्हीवर पेशंटचे आकडे, रात्री झोप नाही, आणि बोलणं तर जवळजवळ थांबलंच.

मी माळ्यावरचे तेलाचे रिकामे डबे काढले, खिळ्याने बुडाला भोकं पाडली, काळी माती भरायला लागले तर आबा मागून म्हणाले, नुसती काळी भरू नको, वाळली की दगड होते, चिरा पडतात, वाळू आणि शेणखत मिसळ. कितीतरी दिवसांनी ते एवढं सलग बोलले होते!

बियाणांची दुकानं चालू होती, भेंडी आणि गवार आणली. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं की उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत वर येतं, आधी वाकलेली मान दिसते, मग दोन जाडसर पानं उघडतात. आबा ते बघायला उजाडायच्या आत गच्चीवर. मे मधे आपल्याकडचं ऊन म्हणजे विचारू नका, जुन्या साड्या बांधून सावली केली. संध्याकाळी पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम यायचं, ते बादलीत काढायचं, गार झालं की मगच झाडांना, हा नियम त्यांचाच. खालून आबांची हाक यायची, "भेंडीले पानी दिनं का?"

नंतर वाचलं की नेदरलँड्समधे २०११ साली एक अभ्यास झालाय, लोकांना आधी मुद्दाम ताण दिला, मग काहींना अर्धा तास बागकाम आणि काहींना वाचन. ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल दोन्हीकडे उतरलं, पण बागकामवाल्यांचं जास्त, आणि मूडही त्यांचाच पूर्ण सुधारला. मला पटलं कारण घरात दिसत होतं, टीव्ही कमी झाला, अंग दमलं की झोप लागायची.

भीती गेली नाही हं. आणि कुणी खरंच खूप खचलं असेल तर डॉक्टरच हवा, कुंडी पुरत नाही.

पण घरात असं गप्प झालेलं माणूस असेल तर उन्हाळ्यात भेंडी-गवारच लावा, मेथी-कोथिंबीर आपल्या उन्हात टिकत नाही. आणि माती कशी कालवायची ते त्यांनाच विचारा.