तुम्ही विचारलंत म्हणून: केसपेपरवरचं न्यूयॉर्क

‘मॅडम, बाबांच्या पेपरवर एनवायएचए क्लास थ्री लिहिलंय. म्हणजे थर्ड क्लास का?’ हृदयविकाराच्या ओपीडीबाहेर समाजसेविका म्हणून बसते, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतोच.

थर्ड क्लास नाही हो. एनवायएचए म्हणजे न्यूयॉर्क हार्ट असोसिएशन, आणि क्लास म्हणजे हृदयामुळे रोजची हालचाल किती अडते त्याचा वर्ग: एकमध्ये त्रास नाही, तीनमध्ये थोड्या कामानेही दम, चारमध्ये बसल्या जागीही. आता आपल्या माणसाच्या केसपेपरवर न्यूयॉर्क कशाला, हे सांगायला मला आवडतं, कारण त्याची सुरुवात थोडी माझ्याच खात्यातून झालीय.

1911 साली तिथल्या बेलव्ह्यू रुग्णालयात हृदयरुग्णांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग निघाला. डॉक्टर ह्युबर्ट गाइल, आणि सोबत समाजसेवा विभागाच्या मेरी वॅडली. दुखणं तेच, जे आम्ही रोज बघतो: बरा होऊन घरी गेलेला माणूस पुन्हा कष्टाच्या कामाला लागतो आणि काही दिवसांनी परत खाटेवर. मग 1915 मध्ये डॉक्टर आणि समाजसेवकांनी मिळून संस्थाच काढली: ‘असोसिएशन फॉर द प्रिव्हेन्शन अँड रिलीफ ऑफ हार्ट डिसीज’. (नाव वाचतानाच दम लागतो.)

पण हृदयरुग्णांच्या नोंदी ठेवायच्या आणि एकमेकींशी ताडून बघायच्या, तर सगळ्या डॉक्टरांची भाषा एक हवी. संस्थेचं काम पुढे तिथल्या क्षयरोग संस्थेच्या हृदय समितीकडे गेलं (तीच नंतर न्यूयॉर्क हार्ट असोसिएशन झाली), आणि तिने 1928 मध्ये या वर्गांचे निकष छापले. त्या जुन्या कागदांत वर्ग तीनच आहेत, दुसऱ्याचे अ आणि ब. चार नंतर झाले. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तेव्हा नव्हता. स्टेथोस्कोप, एक्स-रे, ईसीजी, बस. हृदयाची झडप किती गळते ते आजच्यासारखं दिसायचं नाही. मग माणसालाच विचारायचं: नेहमीचं काम करताना दम लागतो का? बसल्या बसल्याही लागतो का?

इको आला तरी हा प्रश्न गेलेला नाही. फक्त ‘नेहमीचं काम’ हे शब्द फार फसवे आहेत.

मागच्या पावसाळ्यात एक आजी आल्या होत्या. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, त्याने झडप खराब केलेली. आत डॉक्टरांनी विचारलं, दम लागतो? ‘नाही.’ पेपरवर क्लास वन. बाहेर आल्यावर मी सहज विचारलं, ‘घरात पाणी कोण भरतं?’

‘सून.’

‘कधीपासून?’

‘दिवाळीपासून.’

‘आणि देवळात जाता?’

‘आता घरातूनच हात जोडते, बाई. पायऱ्या आहेत ना तिथे.’

पेपर परत आत पाठवला. एकाचे तीन होऊन आले. आजी मात्र पिशवी उचलताना मला बजावून गेल्या, ‘पण दम नाही हो लागत मला.’