यवतमायचा य

दळण घेऊन आलेला माणूस माझ्या चक्कीवरून रिकाम्या हातानं जात नाही अन् मी त्याला रिकाम्या तोंडानं पण जाऊ देत नाही. एखादं कोडं, नाहीतर भेंड्यांचा एक डाव, नाहीतर आजीच्या तोंडचा जुना उखाणा, काहीतरी घेतो म्हणजे घेतोच. उधारीची वही समोरून सुरू होते, खेळांची मागून, अन् दोन्ही मधात भेटल्या की नवी वही. अशा अकरा झाल्या. पानं पिठानं पांढरी, पण वाचता येतात.

पट्टा सुरू असला की ओरडून बोलावं लागते, म्हणून खरे खेळ लाईन गेल्यावरच. "बत्तीस चिरे त्यात नागीण फिरे" हे सगळ्यांनाच येते, पण "पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब" म्हटलं की पोट्टे अडकतात, अन् बाजूला मक्याचं पोतं ठेवलेलं असते!

पोट्ट्यांची आवडती मात्र च ची भाषा. पाणी दे म्हणजे "चाणीप चेद". पहिल्या अक्षराच्या जागी च, अन् ते अक्षर शेवटी. इकडे अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या लोकांची मोठी परंपरा, त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले होते, एका अक्षराच्या जागी दुसरं, किल्ली माहीत नसली तर वाचताच येत नाही, पुढं इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी ती किल्ली उलगडली. हे सांगितलं तेव्हा एक पोट्टी म्हणे, म्हणजे आमचंच खेळत होते काय ते लोकं! मला तो दिवस फार आवडला.

उलटसुलट सारखी वाक्यं तर मी रस्त्यानं चालता चालता जुळवतो. रामाला भाला मारा, चिमा काय कामाची, ही जुनी सगळ्यांची. मागच्या मे महिन्यात पुलावर सायकल थांबवली, खाली नुसते गोटे अन् एका डबक्यात दोन म्हशी, अन् तोंडात आपोआप आलं, "का, नदी दीन का?" मागून वाचून पाहा. का न दी दी न का. तिथंच हातावर लिहून घेतलं, कारण असं रोज सापडत नाही, अन् नदीकडं पाहून वाईटही वाटत होतं.

पण सध्या डोक्यात आहे तो गावांच्या भेंड्यांचा खेळ. फक्त विदर्भातली गावं घ्यायची. पहिली अडचण अशी की अर्धी गावं "गाव"नं संपतात, सगळ्यांवर व येतो अन् वर्धा वणी वरुड वाशिम वरोरा झाले की माणसं डोकं खाजवतात. म्हणून नियम केला, गाव सोडायचं, त्याच्या आधीचं अक्षर धरायचं. धामणगावचा ण, म्हणजे न. दुसरी अडचण ळ ची, मराठीत ळ नं शब्दच सुरू होत नाही, बाकी ठिकाणी लोक ल घेतात. मी पण तेच लिहिलं होतं.

तर त्या दिवशी हिंगणघाटवर टाकळी आली, पुढच्यानं ल म्हणून लोणार म्हटलं अन् आमच्या शेजारची आजी गव्हाचा डबा बाजूला सरकवून म्हणे, "ल कुठून आणला रे? टाकयी होय ते. य वर बोल."

बरोबर होतं तिचं! आपण डोया म्हणतो, शाया म्हणतो, पोया म्हणतो, केयं खातो, मग खेळतानाच पुस्तकातलं तोंड काहून लावायचं? तिथल्या तिथं नियम खोडला अन् ळ चा य केला. आता खेळ एकदम बदलला, कारण य ची गावं थोडी. टाकळीवर यवतमाळ, अन् यवतमाय म्हटलं की परत य! त्यावर तुकडोजी महाराजांचं यावली, मग लोणार, मग राळेगाव, गाव सोडलं की राये, परत य. मी दर्यापूरकडचं येवदा काढलं अन् जिंकलोच समजून पट्ट्याकडं पाहत होतो, कारण लाईन आली होती. द वर एकानं देवळी टाकली, य आजीवर आला.

आजी थांबली नाही. "येयगाव. माह्या मायेराकडचं, बुलडाण्याचं, धरणाचं." येळगाव. गाव सोडून येळ, परत य, अन् आता तो माझ्यावर.

मी आजपर्यंत त्यावर गाव शोधतो आहे, आजी डबा घेऊन केव्हाच घरी गेली.