ससाण्याची घुंगरं आणि अडकलेलं पार्सल

माझ्या शिकारी पक्ष्याच्या पायात बांधायच्या पितळी घुंगरांची एवढीशी पुडी लाहोरहून यॉर्कशायरला यायची होती. त्यापायी जे सोसावं लागलं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगते: आपल्याकडे शिकरा, बहिरी ससाणा असे पक्षी पाळायला बंदी आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि तो हवाच. ब्रिटनमध्ये बंदिस्त जागेत जन्मलेला शिकारी पक्षी पाळता येतो. माझा नर हॅरिस हॉक, म्हणजे ससाण्यासारखाच एक शिकारी पक्षी, तसाच.

पक्ष्याच्या पाठीवर त्याचा माग लावणारा ट्रान्समीटर असताना घुंगरं कशाला, असं लोक विचारतात. ट्रान्समीटर दिशा सांगतो. पण ससा धरून पक्षी काटेरी झुडपात शिरला, की शेवटच्या काही पावलांना कानच उपयोगी पडतात. शिकारीवर पंख पसरून बसलेला पक्षी जरा हलला तरी घुंगरू बोलतं. दोन्ही पायांत एकेक बांधायचं आणि दोघांच्या आवाजात अर्ध्या स्वराचा फरक ठेवायचा. ते दोन सूर एकमेकांना टोचतात, म्हणून लांबून कळतात. १४८६ साली इंग्लंडात छापलेल्या शिकारीच्या पुस्तकातही हेच सांगितलंय. तेव्हा मिलानच्या घुंगरांचा बोलबाला होता, आज लाहोरच्या घुंगरांचा आहे.

माझ्या जुन्या जोडीतल्या एकाला फटीपाशी तडा गेला आणि त्याचा नुसता खडखडाट व्हायला लागला, म्हणून नवी मागवली. पैसे भरले, पार्सल निघालं, इंग्लंडात पोचलंही. आणि कुरियरच्या गोदामात बसलं.

कारण काय, तर विकणाऱ्याने पाकिटावर लिहिलं होतं ‘फाल्कन बेल्स’. फाल्कन, म्हणजे ससाणा, हा शब्द दिसला आणि कुरियरवाल्यांनी माझ्याकडे संरक्षित वन्यजीवाचा परवाना मागितला. मी कळवलं, यात पक्षी नाही, पीस नाही, कातडं नाही, पितळ आहे. फोटो पाठवले. उत्तर आलं, ऑनलाइन फॉर्म भरा. फॉर्ममध्ये परवाना क्रमांकाचा रकाना सक्तीचा, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. जो परवाना लागतच नाही त्याचा क्रमांक आणायचा कुठून? फोन केला की दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. त्यात गोदामाचं भाडं चढत होतं आणि शिकारीचा हंगाम सुरू झाला होता. पक्षी शिकारीला हव्या त्या वजनात, उडायला तयार, आणि मी त्याला एका घुंगरावर मोकळ्या रानात सोडायला धजत नव्हते. त्या दिवसांची चीड शब्दांत मावत नाही.

शेवटी मी सीमाशुल्काची यादी स्वतः उघडली. साध्या धातूच्या, विजेवर न चालणाऱ्या घंटांना वेगळा क्रमांक आहे: ८३०६ १०. तो बिलाच्या प्रतीवर ठळक लिहून पाठवला आणि मालाचं वर्णन ‘पितळी घंटा’ असं बदलून मागितलं. पार्सल सुटलं! दार उघडून पुडी हातात घेतली तेव्हा मला अक्षरशः नाचावंसं वाटलं. परवाना कुणाला लागतच नव्हता, हे मात्र शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही.

तेव्हा मागवतानाच विकणाऱ्याला बजावा: पाकिटावर पक्ष्याचं नाव नको, धातू आणि क्रमांक हवा. एकच जोडी मागवू नका, चार-पाच मागवा आणि वाजवून जुळवा. एका पुडीतल्या घुंगरांचेही सूर वेगळे निघतात. घरी बनवणार असाल तर हे ध्यानात ठेवा, की घुंगराच्या दोन अर्धगोल वाट्या डाख देऊन जोडताना पितळ तापून मऊ पडतं आणि आवाज बसतो. आणि हो, घुंगराची वादी पायात घट्ट नको, ती सहज फिरली पाहिजे. मागवायची वेळ म्हणाल तर उन्हाळा. तेव्हा पक्षी पिसं टाकत घरीच बसलेला असतो, पार्सल रखडलं तरी त्याचं काही अडत नाही.