बजावणं

आमचे एक काका दिवाणी कोर्टात बेलीफ होते. संध्याकाळी सायकल स्टँडला लावता लावताच काकूला हिशोब द्यायचे, आज सहा नेली, चार बजावली, एका घराला कुलूप आणि एक जण खिडकीत सरळ दिसत होता तरी बायको म्हणते गावाला गेलेत. सहा म्हणजे समन्स. मला लहानपणी वाटायचं काका कुठेतरी बँडबिंड वाजवून येतात, कारण बजाना म्हणजे वाजवणं एवढं हिंदी पिक्चर बघून कळलेलं.

पण हे बजावणं त्या वाजवण्यातलं नाहीच. फारसीत 'जा' म्हणजे जागा आणि 'बजा' म्हणजे जागच्या जागी, योग्य. उर्दूवाले अजूनही हुकूम 'बजा लाना' म्हणतात, म्हणजे हुकूम पाळणं, शब्दशः जागच्या जागी आणणं. काकांच्या बाबतीत तर ते अगदी शब्दशः, पिशवीत कागद आणि डिंकाची बाटली घेऊन दारोदार. डिंक कशाला? तर समोरच्याने घ्यायलाच नकार दिला की प्रत त्याच्या दाराला चिकटवायची, १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी सोयच आहे, आणि मग मूळ समन्सवर शेरा, कशी चिकटवली, घर कोणी दाखवलं, समोर कोण होतं. काकांचं अक्षर म्हणजे मुंग्या, पण शेरा अगदी डिटेलवार.

गंमत म्हणजे या अर्थाने हा शब्द घरात चालत नाही. पोलीस कर्तव्य बजावतात, आपला बॉलर मोलाची कामगिरी बजावतो, पण काकूने चाळीस वर्षं पोळ्या लाटल्या तिला कोणी 'कर्तव्य बजावलंस' म्हणालं असतं तर लाटणंच आलं असतं अंगावर. घरात बजावणं म्हणजे ताकीद. 'येताना दूध आणा म्हणून बजावलं होतं ना?' हे मात्र काकांकडून रोज बजावणी न होताच परत यायचं 😄

मागच्या इलेक्शनला काकांना रिक्षाने बूथवर नेलं. डाव्या तर्जनीला शाई, फोटो, लगेच फॅमिली ग्रुपवर, खाली भाच्याने लिहिलं की काकांनी मतदानाचा हक्क बजावला. काकांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि मला म्हणाले,

"बजावला ते ठीक आहे रे, पण कोणावर?"